‘चालत नाहीत’ म्हणून निकालात काढलेल्या ४७ डिस्क: बडोद्यातील एका घराचे प्रकरण

दांडिया बाजारातल्या जुन्या लाकडी घरातून एक मराठी कुटुंब मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. सामान हलवताना माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात ४७ डिस्क होत्या: काही प्लॅस्टिकच्या डब्यांत, काही चेनच्या पाऊचमध्ये, काही नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. नव्या घरात ४३ इंची स्मार्ट टीव्ही होता. २००८ च्या सुमाराचा डीव्हीडी प्लेअर त्याला जोडून तीन-चार डिस्क लावून पाहिल्या. चित्र काळे-पांढरे आले, आवाजात घरघर होती, एका चित्रपटात गाणी ऐकू येत पण संवाद येत नव्हते, आणि थोरल्या नातवाच्या मुंजीची डीव्हीडी तासाभराने अडकली. रावपुऱ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात निदान झाले, “काकू, लेन्स गेली आहे, आणि सीड्याही जुन्या झाल्या. आता यात काही राहिलं नाही.”

हे निदान अर्धे बरोबर होते, पण त्या अर्ध्या भागाचा पहिल्या तीन तक्रारींशी काहीच संबंध नव्हता. अशा वेळी तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: डिस्क कोणत्या जातीची आणि तिला कोणता लेझर लागतो, तिच्यावर व्हिडिओ कोणत्या पद्धतीने लिहिलाय, आणि प्लेअरमधून निघालेला सिग्नल टीव्हीपर्यंत कोणत्या वाटेने जातो. एकीतला दोष दुसरीच्या माथी मारला की चांगल्या डिस्क कचऱ्यात जातात.

मशीनमध्ये न घालता ओळख

सगळ्या डिस्क १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या (दोन मात्र ८० मिलिमीटरच्या छोट्या), त्यामुळे हाताला सारख्याच लागतात. ओळख पटते ती खालच्या बाजूवरून. आरशासारखी चंदेरी असेल तर ती कारखान्यात साच्यावर छापलेली. हिरवट, निळसर किंवा फिकट सोनेरी असेल तर घरी किंवा दुकानात राइट केलेली सीडी-आर. जांभळी झाक असेल तर डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर. हा रंग त्या सेंद्रिय रंगद्रव्याचा, ज्यावर लेझरने खुणा उमटवलेल्या असतात. छापील डीव्हीडीत किंचित सोनेरीपणा दिसला तर ती बहुधा दोन थरांची, म्हणजे डीव्हीडी-९ असते.

अजून शंका राहिली तर डिस्क कडेने डोळ्यासमोर धरून उजेडात फिरवावी. डीव्हीडीच्या कडेला जाडीच्या मधोमध सांध्याची बारीक रेघ दिसते, कारण ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून बनते. सीडी आणि व्हीसीडी (सीडीवरच लिहिलेला व्हिडिओ) सलग असतात. चकतीवर हाताने लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवू नये. या पेटीत ‘मुंज सीडी’ असे लिहिलेल्या दोन्ही डिस्क डीव्हीडी निघाल्या.

वर्गवारी अशी झाली. चित्रपटांच्या छापील व्हीसीडी १९ (आठ चित्रपट, पाच चित्रपट दोन-दोन डिस्कवर आणि तीन चित्रपट तीन-तीन डिस्कवर), चित्रपटांच्या छापील डीव्हीडी १२, ब्लू-रे २, एमपीथ्री आणि फोटोंच्या सीडी ५, आणि घरच्या चित्रीकरणाच्या ९. या नऊ म्हणजे २००२ च्या लग्नाच्या तीन व्हीसीडी, २००७ च्या मुंजीच्या दोन डीव्हीडी-आर, हँडीकॅममध्ये घालायच्या दोन छोट्या डिस्क, २०१० मध्ये नव्या कॅमेऱ्यातून उतरवलेली एक जांभळी डिस्क, आणि न्यू जर्सीच्या आत्याने पाठवलेली एक डीव्हीडी. चित्रपट पुन्हा कुठेतरी मिळतीलच. खरी काळजी या नऊ डिस्कची होती, म्हणून केबल, सेटिंग आणि लेन्सचे प्रश्न सुटेपर्यंत त्यांना हात लावला नाही. सगळ्या चाचण्या चित्रपटांच्या छापील डिस्कवरच केल्या.

आधी केबल

नव्या टीव्हींवर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची तीन भोके सहसा नसतात. त्यांच्या जागी हेडफोनसारखे ३.५ मिलिमीटरचे एकच एव्ही-इन छिद्र असते आणि टीव्हीसोबत त्याची छोटी केबल येते. या घरात ती केबल खोक्यासकट गेली होती. तिच्या जागी जुन्या हँडीकॅमची तशीच दिसणारी केबल लावली होती, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. चार कड्यांच्या या पिनेत डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि अर्थिंग कोणत्या कडीवर असावे याचे एकच प्रमाण नाही. बऱ्याच टीव्हींत चित्र मुळाशी, शेवटच्या कडीवर असते. हँडीकॅमच्या पुष्कळ केबलींत ते दुसऱ्या कडीवर असते आणि मुळाशी उजवा आवाज असतो. तशी केबल लावली की चित्राचा सिग्नल स्पीकरमध्ये घरघरतो आणि पडदा काळा राहतो.

यावर एक फुकटचा उपाय आहे. प्लेअरच्या पिवळ्या भोकात आळीपाळीने पिवळी, लाल आणि पांढरी पिन घालून पाहायची. अर्थिंगची कडी जुळत असेल तर तिघींपैकी एकीवर चित्र येतेच. मग उरलेल्या दोन आवाजाला लावायच्या. तिन्हींवर नुसती घरघर आली तर अर्थिंगच वेगळ्या कडीवर आहे, ती केबल बाजूला ठेवावी आणि टीव्हीच्या मॉडेलला जुळणारी आणावी. इथे लाल पिनेवर चित्र आले.

आले, पण काळे-पांढरे. प्लेअरच्या मागे तेरा भोकांची रांग होती: एक पिवळे, एक एस-व्हिडिओचे, हिरवे-निळे-लाल असे तीन कंपोनंटचे, सहा ५.१ आवाजाचे आणि दोन साध्या स्टीरिओचे. पिन पिवळ्याऐवजी शेजारच्या हिरव्या भोकात गेली होती. कंपोनंटमध्ये हिरव्या तारेतून फक्त उजेड-सावलीचा सिग्नल जातो, रंगाचा फरक निळ्या आणि लाल तारांतून. एकटी हिरवी तार टीव्हीला दिली की चित्र ठणठणीत दिसते पण रंग नसतो. यावरून ‘रंगाचा आयसी गेला’ असे निदान करून पैसे घेतल्याची उदाहरणे कमी नाहीत. पिन पिवळ्या भोकात गेल्यावर रंग आले.

इथे आणखी एक सापळा असतो. रिमोटवर पी-स्कॅन किंवा व्ही-मोड नावाचे बटण असते. चुकून ते दाबले गेले की प्लेअर प्रोग्रेसिव्ह सिग्नल फक्त कंपोनंटवर पाठवतो. पिवळ्या पिनेवर काळा पडदा किंवा तिरक्या रेघा येतात. अशा वेळी सेटअप मेनूही दिसत नाही, म्हणून तेच बटण चार-पाच सेकंद थांबून पुन्हा पुन्हा दाबावे आणि चित्र परत येते का ते पाहावे. त्याच्या शेजारचे एन/पी बटण एनटीएससी (अमेरिकेचे) आणि पाल (आपले) या दोन टीव्ही प्रमाणांत बदल करते. ते ‘ऑटो’वर ठेवावे.

गाणी येतात, संवाद येत नाहीत

ही तक्रार ऐकणाऱ्याला डिस्कचीच वाटते, कारण काही डिस्कवर होते आणि काहींवर नाही. कारण अगदी साधे आहे. चित्रपटाच्या डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाज ५.१ पद्धतीचा असतो: पुढचे दोन, मधला एक, मागचे दोन, आणि ढबढब आवाजाचा एक वेगळा. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरवर, म्हणजे सेंटरवर ठेवलेले असतात. केबल लावली होती ५.१ च्या गटातल्या पुढच्या डाव्या-उजव्या भोकांना आणि मेनूत डाउनमिक्स, म्हणजे सगळे आवाज दोनांत मिसळण्याची सोय, बंद होते. सेंटरचा आवाज सेंटरच्या भोकातून बाहेर पडत होता, पण त्याला काहीच जोडलेले नव्हते. व्हीसीडीवर आवाज मुळात दोनच चॅनलचा, म्हणून तिथे तक्रार नव्हती.

उपाय: सेटअप, स्पीकर सेटअप, डाउनमिक्स, तिथे ‘स्टीरिओ’ किंवा ‘एलटी/आरटी’. मेनूत हे सापडले नाही तर पिना साध्या स्टीरिओच्या भोकांत घालाव्यात. एचडीएमआय किंवा डिजिटल तारेने जोडलेल्या प्लेअरमध्ये याची दुसरी आवृत्ती दिसते: डिजिटल आउटपुट ‘रॉ’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर असेल आणि टीव्हीला डीटीएस उलगडता येत नसेल तर आवाज मुळीच येत नाही. तिथे ‘पीसीएम’ निवडावे.

चित्राच्या आकाराबद्दल फार वेळ घालवायची गरज नाही. लग्नाची व्हीसीडी ४:३ आकाराची आहे. टीव्हीने ती १६:९ पर्यंत ताणली की नवरा-नवरी दोघे जाडजूड दिसतात. टीव्हीच्या पिक्चर मेनूत ४:३ निवडावे. प्लेअरमध्ये टीव्ही टाइप १६:९ ठेवावा. स्वस्त डीव्हीडींपैकी काहींत रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत काळ्या पट्ट्यांसह बसवलेले असते, त्यामुळे नव्या टीव्हीवर चारही बाजूंना काळे दिसते. तिथे टीव्हीचे झूम वापरावे. प्लेअर किंवा डिस्क यांत काही बिघाड नसतो.

लेन्सचा खरा प्रश्न

आता दुकानदाराच्या अर्ध्या बरोबर निदानाकडे. सीडी आणि व्हीसीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक आणि तितक्या खुणा दाटीने बसतात. सीडीवर दोन ओळींमधले अंतर १.६ मायक्रॉन असते, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. म्हणून एका थरात अनुक्रमे साधारण ७०० एमबी, ४.७ जीबी आणि २५ जीबी मावतात. डीव्हीडी प्लेअरच्या पिकअपमध्ये, म्हणजे लेन्स आणि लेझर असलेल्या भागात, ७८० आणि ६५० असे दोन वेगळे लेझर असतात. त्यामुळे व्हीसीडी छान चालतात पण एकही डीव्हीडी चालत नाही, अशी तक्रार असेल तर नुसत्या धुळीपेक्षा ६५० चा लेझर थकल्याचा संशय अधिक रास्त.

इथे चित्र वेगळे होते. छापील व्हीसीडी चालत. छापील एकथरी डीव्हीडी चालत. दोन थरांच्या डीव्हीडी सुरू व्हायला वेळ घेत, आणि मुंजीची डीव्हीडी-आर तासाभराने अडके. एकथरी छापील डीव्हीडी लेझरचा ४५ ते ८५ टक्के उजेड परत पाठवते. दोन थरांची फक्त १८ ते ३० टक्के. राइट केलेल्या डिस्कवरच्या खुणा छापीलइतक्या ठळक नसतात. लेझर म्हातारा झाला की आधी कमी उजेड परतवणाऱ्या डिस्क वाचता येईनाशा होतात, मग उरलेल्या. हाच क्रम दिसत होता, म्हणजे पिकअप कमजोर. लेन्सवर कापसाच्या काडीने, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका थेंबाने हलका हात फिरवला. दोन थरांच्या डिस्क सुधारल्या. लेन्स स्प्रिंगच्या बारीक तारांवर तरंगत असते, दाबून पुसली की कायमची वाकडी होते. अत्तर, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांतले काही वापरायचे नाही.

एक खुलासा. दोन थरांच्या चित्रपटात साधारण मध्यावर चित्र क्षणभर थबकते. लेझर एका थरावरून दुसऱ्यावर फोकस बदलत असतो. याला बिघाड समजू नये.

एवढे झाल्यावर छापील मालाचा हिशेब लागला. १९ व्हीसीडींपैकी १७ चालल्या. उरलेल्या दोन उजेडाला धरल्या तर टाचणीच्या टोकाएवढी भोके आरपार दिसली. सीडीमध्ये खुणांचा आणि ॲल्युमिनियमचा थर नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली असतो, खालून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचे संरक्षण, वरून जवळजवळ काहीच नाही. लोक खालची बाजू जपतात आणि डिस्क वरच्या बाजूवर घासत ठेवतात. बॉलपेनने दाबून नाव लिहिले तरी थर उखडतो. या दोन डिस्क पॉलिश करून उपयोग नव्हता, जे गेले ते धातूसकट गेले. डीव्हीडीत थर मधोमध असतो म्हणून तिथे हा धोका कमी. ब्लू-रेमध्ये तो खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत, वर कठीण लेप. तिला टूथपेस्ट किंवा पॉलिश लावणे म्हणजे तो लेप घालवणे.

१२ डीव्हीडींपैकी ११ चालल्या. बाराव्यावर पडद्यावर ‘रीजन एरर’ आला. दोन्ही ब्लू-रे प्लेअरला दिसल्याच नाहीत, आणि दिसणार नव्हत्याच: ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी चालवतो, डीव्हीडी प्लेअर ब्लू-रे चालवू शकत नाही.

अमेरिकेतून आलेल्या दोन डिस्क

‘रीजन एरर’ची डिस्क आणि आत्याची डिस्क दोन्ही न्यू जर्सीहून आलेल्या, म्हणून दोन्हींना एकच रोग असावा असे घरच्यांना वाटले. वास्तविक दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रीजन कोड हे विक्रीसाठी घातलेले कुलूप आहे. डीव्हीडीच्या नकाशात भारत ५ मध्ये, अमेरिका आणि कॅनडा १ मध्ये, युरोप आणि जपान २ मध्ये. ब्लू-रेसाठी वेगळी वाटणी: ए, बी, सी; भारत सी मध्ये. पाकिटाच्या मागे पृथ्वीच्या गोलावर तो आकडा छापलेला असतो. भारतात विकल्या गेलेल्या पुष्कळ स्वस्त प्लेअरमध्ये हे कुलूप सोडूनच दिलेले असायचे. नावाजलेल्या कंपन्यांच्या प्लेअरमध्ये नाही. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. एका चित्रपटासाठी तो बदलायला जाऊ नये. ही डिस्क तशीच बाजूला ठेवली; कुलूपबंद चित्रपटांच्या नकला काढणे या कामात नव्हते आणि कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीनेही ते सरळ नाही.

आत्याच्या डिस्कवर रीजन नव्हताच, कारण घरी बनवलेल्या डीव्हीडीवर तो नसतो. तिची अडचण एनटीएससी ही होती. अमेरिकेचे टीव्ही प्रमाण ५२५ रेघांचे, डीव्हीडीवर ७२० × ४८० ठिपके आणि सेकंदाला २९.९७ चित्रे, आपले पाल ६२५ रेघांचे, ७२० × ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रे. जुन्या घरातल्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ती डिस्क काळी-पांढरी होऊन वर सरकत असे, तेव्हाच ‘खराब’ म्हणून पेटीत गेली होती. नवा टीव्ही दोन्ही प्रमाणे घेतो. प्लेअरचे एन/पी बटण ऑटोवर होते, डिस्क घालताच चालली.

घरच्या नऊ डिस्क

उरलेले सगळे काम लॅपटॉप आणि यूएसबीच्या डीव्हीडी रायटरवर केले. प्लेअर डिस्क चालवताना चुका झाकून पुढे जातो. संगणकावर मात्र कुठे वाचले आणि कुठे नाही याची नोंद राहते आणि त्याच जागी पुन्हा प्रयत्न करता येतो. रायटर थेट लॅपटॉपला लावावा, हबला नाही. डिस्क फिरू लागताना हा ड्राइव्ह यूएसबी २.० च्या ५०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज ओढू शकतो. वीज कमी पडली की टकटक आवाज येऊन डिस्क पुन्हा पुन्हा सुरू होते आणि दोष डिस्कवर जातो.

डिस्क आधी नळाच्या साध्या पाण्याखाली धुतल्या, एका बोटावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग मऊ धुवट सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसल्या. गोल गोल पुसू नये: आडवा ओरखडा एका जागी थोडाच मजकूर खातो आणि चूक-दुरुस्तीची व्यवस्था तो भरून काढते, गोल ओरखडा एकाच ओळीत लांबवर जातो आणि दुरुस्तीला वावच ठेवत नाही. ज्या डिस्कवर कागदी स्टिकर होते त्या भिजवल्या नाहीत. स्टिकर सोलूही नये, सीडी-आरवर ते धातूचा थर घेऊनच निघते.

लग्नाच्या व्हीसीडींनी सगळ्यात जास्त वेळ घेतला, आणि त्याला कारण आहे. व्हीसीडी १९९३ ची: ३५२ × २८८ ठिपके, एमपेग-१, व्हिडिओ सेकंदाला ११५० किलोबिट, आवाज २२४ किलोबिट. ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर, म्हणजे मजकुराचे छोटे कप्पे, असतात. साध्या डेटासाठी प्रत्येकात २०४८ बाइट मजकूर आणि बाकी जागा चूक-दुरुस्तीला. व्हीसीडीत व्हिडिओच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट मजकूर भरतात आणि दुरुस्तीचा वरचा पहारा काढून टाकतात. एक ठिपका चुकला तर कुणाला दिसतो, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळे ‘७०० एमबी’च्या सीडीवर ८०० एमबीहून जास्त व्हिडिओ बसतो, पण वीस वर्षांनी तीच डिस्क साधी डेटा सीडी असती त्यापेक्षा लवकर हार मानते.

विंडोजमध्ये डिस्क उघडली की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल दिसते. ती ओढून कॉपी करायला गेलात की एका खराब सेक्टरवर ‘सीआरसी एरर’ येऊन सगळी कॉपी थांबते. आयएसओ प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाइलीत नक्कल, काढणे हीसुद्धा नेहमीची चूक. आयएसओ २०४८ बाइटांच्या सेक्टरसाठी आहे, व्हीसीडीची प्रत कच्ची, २३५२ बाइटांची, बिन-क्यू प्रकारची हवी. इथे आयसोबस्टर या सॉफ्टवेअरमधून व्हिडिओचे सेक्टर गाळून एमपेग फाइल काढली, वेग कमीत कमी ठेवून. पहिली आणि दुसरी डिस्क पूर्ण निघाल्या. तिसरीच्या शेवटी, कडेजवळ, स्टिकरचा फुगा आला होता त्या जागी, अकरा मिनिटे वाचता आली नाहीत.

मुंजीच्या दोन्ही डीव्हीडी-आर तुलनेने सुटसुटीत ठरल्या. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेला असतो. बोटांचे ठसे, माळ्यावरची मे महिन्यातली उष्णता आणि पावसाळ्यातला दमटपणा कडेपासूनच काम सुरू करतात, आणि स्वस्त डिस्क वेगाने राइट केली असेल तर कडेचे लिखाण मुळातच कच्चे असते. म्हणून अशा डिस्क तासाभराने अडकतात. रायटरचा लेझर ताजा होता. त्याने एक डिस्क सरळ वाचली आणि दुसरीवर शेवटच्या भागात पुन्हा पुन्हा प्रयत्न करून वाचली. डीव्हीडीची प्रत आयएसओ म्हणून काढायला हरकत नाही. आत व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये व्हिडिओ व्हीओबी फाइलींत जवळपास एकेक जीबीचे तुकडे करून ठेवलेला असतो आणि आयएफओ फाइल त्यांचा क्रम सांगते. व्हीओबी हाताने जोडू नयेत, वेळेचे आकडे घसरतात आणि ओठ-आवाज जुळत नाहीत. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने दर्जा न बदलता एकच एमकेव्ही फाइल केली.

छोट्या दोन डिस्क लॅपटॉपने ‘रिकामी’ म्हणून दाखवल्या आणि विंडोजने त्या फॉरमॅट करायची परवानगी मागितली. नाही म्हणायचे. या ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर १.४ जीबी, मध्यम दर्जाला अर्ध्या तासाचे चित्रीकरण मावते. हँडीकॅम प्रत्येक दृश्य लिहितो पण शेवटची अनुक्रमणिका ‘फायनलाइज’ केल्यावरच टाकतो. ते केले नसेल तर दुसऱ्या यंत्राला डिस्क कोरी वाटते. तोच हँडीकॅम चालू असता तर त्यातच फायनलाइज करणे सर्वांत उत्तम. इथे त्याची बॅटरी फुगलेली आणि चार्जर हरवलेला, म्हणून आयसोबस्टरने डिस्कवरचे व्हिडिओचे तुकडे थेट शोधले. एका डिस्कमधून २६ मिनिटे निघाली, दुसरी खरोखरच कोरी होती. या डिस्क ट्रेच्या आतल्या लहान खळग्यात, ड्राइव्ह आडवा ठेवूनच घालाव्यात. नुसत्या फटीत सरकवायच्या ड्राइव्हमध्ये घातली तर ती आतच अडकून बसू शकते.

२०१० ची जांभळी डिस्क मात्र फसवी. दिसायला डीव्हीडी-आर, प्लेअर म्हणतो ‘अनोळखी डिस्क’. आत बीडीएमव्ही नावाचे फोल्डर निघाले. हे एव्हीसीएचडी: एचडी कॅमेऱ्याचे चित्रीकरण ब्लू-रेच्या मांडणीत साध्या डीव्हीडीवर लिहिलेले. चकती डीव्हीडीची असली तरी वरचा व्हिडिओ साध्या डीव्हीडी प्लेअरला उलगडत नाही. तो उलगडतो ब्लू-रे प्लेअरला, नाहीतर संगणकाला. स्ट्रीम फोल्डरमधल्या एमटूटीएस फाइली नुसत्या कॉपी केल्या, व्हीएलसीवर चालल्या. नऊंमधले सर्वांत चांगले चित्र हेच, आणि तीच डिस्क आधी टाकायला काढली होती.

काय जपले, काय नाही

सगळ्या फाइली मिळून २० जीबीच्या आसपास झाल्या. टीव्हीच्या यूएसबीसाठी पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही. मुंजीची एमकेव्ही ४.२ जीबीची होती, म्हणून पेनड्राइव्ह एक्सफॅट केला आणि टीव्ही तो वाचतो याची आधी खात्री केली. मूळ एमकेव्ही आणि एमपेग दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, त्यांतली एक आत्याच्या धाकट्या भावाच्या घरी. फोनवर पाठवण्यासाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून हलक्या प्रती वेगळ्या काढल्या: एच.२६४, दर्जा आरएफ २०, चित्रांचा वेग मूळचाच, आणि डीइंटरलेस चालू, नाहीतर हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. व्हीसीडीच्या प्रतीला मात्र डीइंटरलेस लावायचे नसते.

लग्नाची व्हीसीडी मोठ्या टीव्हीवर मऊ, धूसर दिसते आणि दिसतच राहणार. तिच्या एका चित्रात १,०१,३७६ ठिपके आहेत, डीव्हीडीच्या चित्रात ४,१४,७२०, फुल एचडीत २०,७३,६००. ‘फोर-के अपस्केलिंग’ लिहिलेला महाग प्लेअर घेऊन त्यात भर पडत नाही. घरच्यांनी तसा बेत केला होता, तो सोडून दिला. डीव्हीडीतही हाच हिशेब. अडीच तासांचा एक चित्रपट ४.७ जीबीवर ठेवला तर सेकंदाला साधारण ४.२ मेगाबिट मिळतात. साडेसात तासांचे तीन चित्रपट ८.५ जीबीवर कोंबले तर अडीच मेगाबिट, आणि पावसाची किंवा गर्दीची दृश्ये चौकोनी होतात. २००७ मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्यानंतर घराघरांत डिस्कचे ढीग झाले, त्यांत अशा कोंबलेल्या डिस्क भरपूर सापडतात. त्यांचे चौकोन ना केबल बदलून जातात, ना प्लेअर.

राहिली ती तिसऱ्या व्हीसीडीतली अकरा मिनिटे. लग्नाच्या डिस्कचा संच एकच नसतो. फोटोग्राफर मुलाकडच्यांना आणि मुलीकडच्यांना वेगळा देतो, आणि दोन्ही एकाच फाइलवरून राइट केलेले असतात. ओरखडे मात्र प्रत्येक संचावर वेगळ्या जागी पडतात. सुनेच्या माहेरी, ग्वाल्हेरला, त्यांचा संच कपाटात उभा ठेवलेला होता, त्यावर स्टिकर नव्हते. त्यातली पहिली डिस्क जागोजागी अडकत होती, तिची इथे गरज नव्हती. तिसरी पहिल्याच वाचनात पूर्ण निघाली. तिची एमपेग फाइल तिथूनच पेनड्राइव्हवर मागवली आणि बडोद्याची अपुरी फाइल काढून टाकली.